टिकणे आणि टिकवणे

मराठीत ‘टिकणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. भिंत टिकते, लोणचे टिकते, नाते टिकते, घराण्याचे नाव टिकते. या सर्व वाक्यांत टिकणारी वस्तू हीच कर्ता असते. तिला कोणी टिकवले याची चौकशी व्याकरण करीत नाही. शेजारीच ‘टिकवणे’ हे प्रयोजक रूप उभे असते, परंतु त्याची आठवण आपल्याला क्वचित होते. भिंत टिकली असे म्हणताना दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तिच्या भेगा बुजवणारा गवंडी डोळ्यांसमोर येत नाही, आणि लोणचे टिकले असे म्हणताना बरणीत ओला चमचा जाऊ न देणारी गृहिणी येत नाही. प्रश्न असा, की टिकणे हा वस्तूचा अंगभूत गुण आहे, की ते प्रत्येक वेळी कोणाचे तरी कर्म आहे? प्रश्न वरकरणी शब्दांचा दिसतो. पण कृतज्ञ कोणाविषयी राहायचे आणि काही मोडले तर दोष कोणाला द्यायचा, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून आम्ही तो नीतीचा प्रश्न समजतो.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका स्वीडिश शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचा आधार घ्यावासा वाटतो. टोमास लिंडाल हे त्यांचे नाव. १९३८ साली स्टॉकहोम येथे जन्मलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञाने कित्येक दशके एकाच विषयाचा पाठपुरावा केला : आपल्या पेशींतील डीएनए कसा झिजतो आणि प्रथिने त्याची दुरुस्ती कशी करतात. या कामासाठी २०१५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमेरिकेतील पॉल मॉड्रिच आणि मूळचे तुर्कस्तानातील अझीझ सान्जार यांच्यासह विभागून मिळाले. तिघांनी दुरुस्तीच्या तीन वेगवेगळ्या वाटा उलगडल्या. त्यांपैकी लिंडाल यांची वाट आमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळून जाते.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी पिळाची रचना सांगितली, तेव्हापासून या रेणूभोवती एक प्रकारचे अढळपणाचे वलय निर्माण झाले. आनुवंशिकतेचा लेख पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. त्या अर्थी तो ज्या पदार्थावर लिहिला आहे तो अत्यंत टिकाऊ असला पाहिजे, असे गृहीत धरले गेले. अनुमान स्वाभाविक होते. लेख टिकला आहे, म्हणून कागद मजबूत आहे! दुरुस्ती करणाऱ्या विकरांचा विचार आपल्या मनात आलाच नव्हता, हे पुढे १९७४ साली स्वतः क्रिक यांनीच नमूद केले.

लिंडाल यांची शंका एका आडवळणाने आली. १९६०च्या दशकात ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आरएनए या डीएनएच्या भावंडावर प्रयोग करीत होते. आरएनए तापवला की तो झपाट्याने आणि कायमचा मोडून जाई. भावंड इतके नाजूक असेल, तर डीएनए तरी जन्मभर टिकण्याइतका दणकट कसा? स्टॉकहोमला कॅरोलिन्स्का संस्थेत परतल्यावर त्यांनी या शंकेचा छडा लावला. प्रयोग दिसायला साधे होते. डीएनए पाण्यात विरघळवायचा, निरनिराळ्या तापमानांत ठेवायचा आणि त्यातील किती अक्षरे किती वेळात गळून पडतात ते मोजायचे. उष्णता अधिक तेथे झीज जलद, म्हणून मोजणे शक्य होई. त्यावरून शरीराच्या तापमानाचा हिशेब मांडता येई. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीचा निष्कर्ष असा, की आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनएमधून दररोज हजारो अक्षरे आपोआप गळतात. सध्याच्या अंदाजाप्रमाणे हा आकडा दिवसाला १० हजारांच्या घरात जाऊ शकतो. त्याशिवाय सायटोसिन नावाच्या अक्षराचे युरॅसिल या परक्या अक्षरात रूपांतर होण्याचे प्रकार रोज शंभराहून अधिक वेळा घडतात. विष नाही, किरणोत्सर्ग नाही. नुसते पाणी आणि शरीराची ऊब एवढ्यावर हे चालते.

आता पुढचे अनुमान पाहा. झीज इतकी असेल, तर जीवसृष्टी अस्तित्वात असूच नये. पण ती आहे. तेव्हा कोणीतरी हे नुकसान सतत भरून काढत असले पाहिजे. तो ‘कोणीतरी’ शोधण्यासाठी लिंडाल यांनी जिवाणूंच्या पेशी तपासल्या आणि १९७४ साली युरॅसिल हुडकून ते कापून टाकणारे एक प्रथिन त्यांना सापडले. त्यातून दुरुस्तीची एक सबंध कार्यशाळा हळूहळू उजेडात आली. एक प्रथिन बिघडलेले अक्षर उचलून टाकते, दुसरे त्या जागी धागा कापते, तिसरे समोरच्या धाग्याकडे पाहून योग्य अक्षर बसवते आणि चौथे सांधा जुळवते. लिंडाल १९८१ साली इंग्लंडमध्ये कर्करोग संशोधनाच्या संस्थेत गेले, १९८६ ते २००५ या काळात हर्टफर्डशायरमधील क्लेअर हॉल प्रयोगशाळेचे ते संचालक होते, आणि मानवी पेशीतील ही संपूर्ण प्रक्रिया परीक्षानळीत घडवून दाखवायला १९९६ साल उजाडले. पहिल्या शंकेपासून तोवर तीस वर्षे उलटली होती.

या शोधाने आमच्या प्रश्नाला मिळणारे पहिले उत्तर स्पष्ट आहे. ज्या वस्तूला आपण टिकाऊपणाचा आदर्श मानत होतो, ती मुळात टिकाऊ नाही. तिचे टिकणे म्हणजे तिला अहोरात्र टिकवले जाणे. याचा उलटा पुरावा मृत्यूनंतर मिळतो. जीव गेला की कार्यशाळा बंद पडते. पाणी आणि प्राणवायू मात्र आपले काम चालू ठेवतात. १९९०च्या दशकारंभी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कीटकांचा आणि वनस्पतींचा डीएनए मिळाल्याचे दावे होऊ लागले, तेव्हा १९९३ साली ‘नेचर’मधील लेखात लिंडाल यांनी आपल्या आकड्यांच्या आधारे ते अशक्यप्राय ठरवले. १९९४ साली डायनोसॉरच्या डीएनएचा दावा झाला. तो पुढे माणसाच्याच डीएनएची भेसळ निघाला. २०२२ साली ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या डीएनएचे तुकडे मिळाले, तेही कडाक्याच्या थंडीने झीज मंदावल्यामुळे. जिवंत प्राण्यांतील काही जनुके मात्र अब्जावधी वर्षे ओळखू येण्याजोगी राहिली आहेत. निर्जीव तुकडा बर्फातही अखेर विरतो, आणि जिवंत लेख उन्हापावसात राहूनही पुढे जातो; या दोहोंत पदार्थाचा फरक काहीच नाही, फरक निगराणीचा आहे.

येथे कोणी म्हणेल, की यात नवे काय? सर्व काही क्षणाक्षणाला बदलते, हे बौद्ध विचारवंतांनी दिव्याच्या ज्योतीचा दृष्टान्त देऊन केव्हाच सांगितले आहे. रात्रभर जळणारी ज्योत एकच भासते, वस्तुतः ती दर क्षणी नवी असते. आक्षेप रास्त आहे, परंतु ज्योत आणि डीएनए यांत एक भेद आहे. ज्योतीला आपले पूर्वरूप जपायचे नसते. तेल आहे तोवर ती वारा नेईल तशी हलते. दुरुस्ती याहून अधिक काही आहे. दुरुस्तीला ‘मूळ कसे होते’ हे ठाऊक असावे लागते. प्रश्न असा, की हे ज्ञान राहते कोठे?

उत्तर डीएनएच्या दुहेरीपणात आहे. दोन धागे परस्परपूरक असतात. एकावर जे लिहिले असेल त्याची जोड दुसऱ्यावर असतेच. एका धाग्यावरचे अक्षर गळाले, तर समोरचा धागा साक्षीदार होऊन राहतो. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर दुरुस्ती फार अवघड होते, कारण साक्षच नाहीशी होते. लिंडाल यांच्या कामातून आणखी एक मौज कळते. आरएनएमध्ये युरॅसिल हे एक नेहमीचे अक्षर आहे. डीएनएने मात्र त्याच्या जागी थायमिन हे घडवायला अधिक महाग पडणारे अक्षर स्वीकारले आहे. कारण उघड आहे. सायटोसिन बिघडून युरॅसिल होते. युरॅसिल हेही अधिकृत अक्षर असते, तर मूळचे कोणते आणि बिघडून झालेले कोणते हे कळायला मार्ग राहिला नसता. चूक चूक म्हणून ओळखू यावी, यासाठी निसर्गाने जास्तीचा खर्च पत्करला आहे. आणि जेथे ही सोय नाही, तेथे परिणामही दिसतो. सायटोसिनचा मिथिल गट लागलेला एक प्रकार बिघडला की त्याचे थायमिन होते, म्हणजे अधिकृत अक्षरच! ही चूक हेरणारी प्रथिने आहेत, पण त्यांच्या हातून ती अधिक वेळा निसटते, आणि अशी स्थळे उत्परिवर्तनांची आगरे असतात. ज्या चुकीने अधिकृत वेष घेतला आहे ती सर्वांत अधिक टिकते, हे समाजव्यवहारातही आपण पाहतोच.

डीएनएची प्रत करताना होणाऱ्या चुकांचे प्रकरण पॉल मॉड्रिच यांनी उलगडले. दोन धाग्यांवरची अक्षरे जुळत नसतील, तर खरे कोणाचे मानायचे? जिवाणूंमध्ये जुन्या धाग्यावर मिथिल गटाच्या खुणा असतात, नव्यावर त्या उशिरा उमटतात. तेवढ्या अवधीत दुरुस्ती करणारे प्रथिन खूण असलेला धागा प्रमाण मानते आणि नव्यातली चूक काढते. मराठी वाचकाला येथे पैठणच्या एकनाथांची आठवण व्हावी. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत नकला करणाऱ्यांच्या हातून जे अपपाठ शिरले होते, ते जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, त्यांनी जुन्या प्रती पाहून शुद्ध केले, आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये असे बजावलेही. स्वतः समर्थ कवी असलेल्या पुरुषाने दुसऱ्याच्या ग्रंथात आपली एक ओवी न मिसळता केवळ पाठ शुद्ध करावा, यात जो संयम आहे तोच दुरुस्तीचा धर्म होय. दुरुस्ती करणाऱ्याला आपल्या आवडीनुसार लिहिण्याची मुभा नसते; त्याला साक्षीदाराचे ऐकावे लागते.

येथवर आलो म्हणजे एक सुबक सिद्धान्त हाती आल्यासारखे वाटते : जे टिकते ते कोणीतरी टिकवलेले असते. पण या सिद्धान्ताच्या पोटात एक क्रूरपणा दडलेला आहे, आणि आमच्या मते खरा नैतिक पेच तेथेच आहे. जे टिकले ते कोणाच्या तरी कर्माने टिकले असेल, तर जे मोडले ते कोणाच्या तरी कर्माने मोडले, असे लगोलग म्हणता येईल काय? आपल्या समाजाला हे म्हणण्याची फार सवय आहे. घरात कोणाला कर्करोग झाला की औषधपाण्याबरोबरच कारणांचे संशोधन सुरू होते. हिने फार मनाला लावून घेतले, याने खाण्यापिण्याचे पथ्य पाळले नाही, कुळाचार चुकला, मागच्या जन्मीचे काही असेल. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही. कारण सापडले की भीती कमी होते, कारण ते आपल्याला लागू नाही असे समाधान मिळते. पण त्या समाधानाची किंमत रोगी मोजतो. दुखण्यावर अपराधीपणाचे ओझे चढते, आणि पुष्कळदा ते ओझे दुखण्याहून जड होते.

लिंडाल यांचे आकडे या ठिकाणी आम्हांला केवळ शास्त्रीय न राहता दयेचे साधन वाटतात. ज्या पाण्यावाचून आपण जगू शकत नाही, त्याच पाण्याने डीएनएची अक्षरे गळतात. ज्या प्राणवायूने श्वास चालतो, तोच त्यांना गंजवतो. ही झीज कोणाच्या पापाने होत नाही. जगण्याचे ते नित्याचे देणे आहे. दुरुस्ती अत्यंत दक्ष असली तरी तिला मर्यादा आहे. जानेवारी २०१५ मध्ये क्रिस्तियान टोमासेट्टी आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी ‘सायन्स’मध्ये असा निष्कर्ष मांडला, की निरनिराळ्या अवयवांतील कर्करोगाच्या प्रमाणात जो फरक दिसतो, त्याचा बराचसा भाग त्या अवयवांतील मूळ पेशींच्या विभाजनांच्या संख्येशी, म्हणजेच प्रत करताना होणाऱ्या यादृच्छिक चुकांशी निगडित आहे. त्यावर पुष्कळ वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. कारण हे टोकाला नेले, तर सर्वच दैवाधीन ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत. तंबाखूतील नायट्रोसामाइन डीएनएला नवे घाव करतात. उन्हातील अतिनील किरण शेजारशेजारची अक्षरे एकमेकांना चिकटवतात. तंबाखू मळणारा आणि गुटखा विकून गबर होणारा, या दोघांचा विचार वेगळा करावाच लागेल. दुसऱ्याचा तर अधिक कठोरपणे.

म्हणून आम्हांला असे म्हणावेसे वाटते, की श्रेय आणि दोष यांचे माप एकच नसते. टिकलेल्या वस्तूमागे राखणारा असतो, हे जवळजवळ निरपवाद आहे. मोडलेल्या वस्तूमागे अपराधी असतोच, हे मात्र मुळीच खरे नाही. झीज ही पायाभूत आहे, तिला कर्ता लागत नाही, टिकवण्याला लागतो. तेव्हा एखादी गोष्ट टिकली तर आभार मानायला कोणीतरी शोधावे, आणि मोडली तर अपराधी शोधण्यापूर्वी थांबावे. झिजेत आपण होऊन भर घालणाऱ्याला अवश्य जाब विचारावा, पण नुसत्या झिजेबद्दल कोणाला आरोपी करू नये. ज्यांना दुरुस्तीची यंत्रणाच अपुरी मिळाली त्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. झिरोडर्मा पिगमेंटोसम हा विकार असलेल्या मुलांच्या त्वचेला साधे ऊन सोसत नाही आणि कोवळ्या वयात कर्करोग होतो. यांच्या पेशींत उन्हाने झालेल्या जखमा दुरुस्त करणारे प्रथिनच सदोष असते, हे १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवले. अशा मुलाच्या आईला ‘तुम्ही काय केलेत?’ असे विचारणारा मनुष्य प्रश्न विचारत नसतो, घाव घालत असतो.

याच जखमांची दुरुस्ती सान्जार यांनी उलगडली. तुर्कस्तानातील सावूर या लहान गावचे ते डॉक्टर. संशोधनाच्या ओढीने अमेरिकेत गेले, पीएच.डी. झाले, पुढील संशोधनासाठी तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्ही फेटाळले गेले; तेव्हा येल येथे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची नोकरी पत्करून त्यांनी काम चालू ठेवले. जिवाणूंची प्रथिने खराब भागाच्या दोन्ही बाजूंनी धागा कापून १२-१३ अक्षरांचा तुकडा काढून टाकतात, हे त्यांनी १९८३ साली सिद्ध केले. पदाची प्रतिष्ठा गेली तरी काम हातचे जाऊ दिले नाही, ही गोष्ट आमच्या विषयाला अगदीच परकी नाही.

आता दुसरी अडचण. टिकवणे हे नेहमीच सत्कर्म असते काय? लिंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास एका विलक्षण प्रथिनाचे कार्य उकलले. ग्वानिन या अक्षराला चिकटलेला अनिष्ट मिथिल गट हे प्रथिन स्वतःवर ओढून घेते. अक्षर निर्दोष होते, पण प्रथिन त्या क्षणी कायमचे निकामी होते. एक प्रथिन, एक दुरुस्ती, आणि त्याचा शेवट. दधीचीची कथा ठाऊक असलेल्या आपल्या मनाला हे आत्मबलिदान भावते. परंतु हेच प्रथिन कर्करोगाच्या पेशींतही असते. मेंदूतील काही गाठींवर टेमोझोलोमाइड हे औषध देतात; ते गाठीच्या डीएनएला नेमकी हीच जखम करून पेशी मारते. गाठीत हे प्रथिन भरपूर असेल तर ते निष्ठेने स्वतःला संपवते, गाठीला वाचवते, आणि औषध निष्प्रभ होते. उलट, २०१४ पासून वापरात आलेले ओलापारिबसारखे औषध दुरुस्तीच अडवून विशिष्ट कर्करोगांच्या पेशी मारते. म्हणजे तीच निष्ठा, तोच त्याग. कोणासाठी हे मात्र प्रथिनाला कळत नाही. कळण्याची त्याच्याकडून अपेक्षाही नाही. माणसाकडून आहे. निष्ठेने राखणे हा गुण खरा, पण कशाला राखतो आहोत याचा विवेक नसेल तर तो गुण घातक होतो. अन्यायाची व्यवस्थाही अशाच निरलस, प्रामाणिक, स्वतःला झिजवणाऱ्या माणसांनी टिकवलेली असते.

तिसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. दुरुस्ती परिपूर्ण झाली असती तर? एकही चूक पुढे गेली नसती, आणि मग पृथ्वीवर पहिल्या जिवाणूंपलीकडे काहीच घडले नसते. आजही प्रत्येक बालक आई-वडिलांत नसलेली सुमारे ६० ते ७० नवी अक्षरे घेऊन जन्माला येते. बहुतेक निरुपद्रवी, क्वचित घातक, फारच क्वचित उपकारक. इव्हलिन विट्किन आणि मिरोस्लाव्ह राडमान यांनी १९७०च्या दशकात जिवाणूंबद्दल जे मांडले, ते तर अधिकच विचार करायला लावणारे आहे. संकट अनावर झाले की जिवाणू काटेकोरपणा सोडतो आणि चुका करणाऱ्या प्रथिनांना कामाला लावतो. अशुद्ध प्रत घेऊन जगणे हे शुद्ध प्रतीसह मरण्यापेक्षा त्याला बरे वाटते, असे म्हणायला हरकत नाही.

हा विचार आपल्यासारख्या घराण्यांना लागू करण्याचा मोह होतो, आणि तो आम्ही थोडासा होऊ देतो. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून असलेल्या कुटुंबांत भाषेच्या शुद्धतेची चिंता मोठी असते. हिंदी, गुजराती, कानडी, उर्दू शब्द आपल्या मराठीत शिरले, काहींची रूपे बदलली. यांतले गळालेले अक्षर कोणते आणि नवे उपयुक्त अक्षर कोणते, हे कोणतेही प्रथिन सांगणार नाही. पण दुरुस्तीच्या शास्त्राने दिलेली कसोटी येथे हाताशी धरता येते : साक्षीदार शिल्लक आहे काय? घरात बोलणारा दुसरा कोणी आहे, जुनी पत्रे वाचणारा कोणी आहे, मुलाने अडखळत म्हटलेल्या वाक्याला जोड देणारे माणूस समोर आहे, तोवर शब्द आले-गेले तरी भाषा आपली वाट सोडत नाही. समोरचा धागाच तुटला, तर मात्र उरलेली शुद्धता संग्रहालयातल्या वस्तूसारखी असते. म्हणून परका शब्द आला म्हणून मुलाला टोकण्यापेक्षा त्याच्याशी बोलत राहणे, हीच अधिक खरी दुरुस्ती, असे आमचे मत आहे.

शेवटी राहतो तो मानाचा प्रश्न. अहिल्याबाईंनी केलेल्या जीर्णोद्धारांमुळे त्यांचे नाव भारतभर घेतले जाते. पण असे भाग्य राखणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येते. नवे निर्माण करणाऱ्याचे नाव कोनशिलेवर असते, रोज झाडून पुसून ते उभे ठेवणाऱ्याचे कोठेच नसते. दुहेरी पिळाचा शोध १९५३ साली लागला आणि १९६२ साली त्याला नोबेल मिळाले. तो पीळ कसा टिकतो याच्या शोधाला १९७४ नंतर तब्बल ४१ वर्षे वाट पाहावी लागली. विज्ञानाच्या दरबारात याला इतरही कारणे असतील. घराच्या दरबारात मात्र कारण एकच असते : चांगली झालेली दुरुस्ती दिसत नाही. जखम भरली की जखम होती हेच विसरले जाते. स्वयंपाकघरातले, आजाऱ्याच्या उशाशी केलेले, तुटू पाहणाऱ्या दोन भावांत पुन्हा बोलणे सुरू करून देण्याचे काम या जातीचे असते, आणि ते बहुतांशी आपल्या घरांतील स्त्रियांनी केले आहे. त्यांच्याविषयी ‘घर टिकले’ एवढेच आपण म्हणत आलो.

तेव्हा टिकणे हे कोणाचे तरी कर्म आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तीन अटींवर. मोडले त्याचा दोष आपोआप कोणाच्या माथी मारू नये. जे राखायचे ते राखण्याजोगे आहे की नाही, हे प्रत्येक पिढीने स्वतः तपासावे. आणि जे राखले गेले, त्याचे वाक्य शक्य तेथे प्रयोजक रूपात बोलावे, कर्त्याचे नाव घेऊन. घर टिकले असे न म्हणता ते कोणी टिकवले हे सांगावे. सांगण्यासारखे माणूस अजून घरात असेल, तर त्याच्या देखत सांगावे.